चरा दिसला? आधी नख फिरवा!

कॉलेजच्या पार्किंगमधून गाडी काढताना कुठेतरी ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. उतरून बघेपर्यंत छातीत धडधडायला लागलेलं असतं. दारावर वीतभर लांब पांढरा चरा! गाडी बाबांची, तिचे हप्ते अजून चालू, आणि संध्याकाळी ती घरी परत लावायची आहे. अशा वेळी आपला अंगठा आपोआप तोंडाकडे जातो. थुंकी लावून आपण तो चरा चोळायला लागतो. क्षणभर तो गायब होतो, जिवात जीव येतो, आणि थुंकी वाळली की साहेब परत हजर! मग फोन निघतो. त्यात कोणीतरी टूथपेस्ट लावून अर्ध्या मिनिटात चरा नाहीसा करून दाखवत असतं. पुढचा थांबा थेट ऑटो ॲक्सेसरीजचं दुकान आणि रबिंग कंपाउंडची डबी.

थांबा. डबी घेण्यात काही गैर नाही. बरेचसे चरे खरंच घरच्या घरी निघतात आणि त्यासाठी गॅरेजवाल्याला पैसे देण्याची गरज नसते. पण काही चरे असे असतात की ते घासायला गेलं, तर ‘हात दाखवून अवलक्षण’ होतं. बोटभर चऱ्याच्या जागी तळहाताएवढा पांढुरका डाग पडतो. घासण्याआधी कोणता चरा कुठल्या जातीचा आहे हे ओळखायला शिकलात, तर हे टळतं. त्याला पाच मिनिटं पुरतात.

खड्डा बुजत नाही, जमीन खाली येते

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या. पॉलिशने चरा भरून येत नाही. पॉलिशमध्ये आणि रबिंग कंपाउंडमध्ये अतिशय बारीक खरखरीत कण असतात. ते चऱ्याच्या आजूबाजूचा थर झिजवतात, चऱ्याच्या धारदार कडा गोल करतात. म्हणजे खड्डा बुजत नाही, आजूबाजूची जमीन खाली आणली जाते. म्हणून खरा प्रश्न असा की, खाली आणायला जमीन शिल्लक किती आहे?

कारखान्यात गाडीचा पत्र्याचा सांगाडा आधी रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या मदतीने त्यावर गंज रोखणारा पहिला थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा अख्खा रंग दोन केसांएवढा, आणि त्यातला क्लिअर कोट तर एका केसापेक्षाही पातळ!

गाडीची चमक या क्लिअर कोटची असते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचं कामही तोच करतो. पॉलिश करताना झिजतो तोही हाच. हलक्या हाताने, बारीक पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात. जाडं कंपाउंड आणि मशीन असेल तर जास्त. एखाद्या वेळी एवढं गेल्याने काही बिघडत नाही. पण क्लिअर कोट म्हणजे अशी एफडी आहे, जिच्यातून पैसे काढता येतात, पण भरता येत नाहीत. ती संपत आली की ऊन आपलं काम करतं. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेले तुम्ही पाहिले असतील. क्लिअर कोट गेला की गाडी अशी दिसते. मग पॉलिशने काही होत नाही, रंगच मारावा लागतो.

पाच मिनिटांची तपासणी

आता चऱ्याकडे वळू. सगळ्यात आधी तो भाग भरपूर पाण्याने धुवा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलंत, तर एका चऱ्याचे पन्नास होतील. धुतल्यावर स्वच्छ, मऊ कापडाने टिपून घ्या आणि गाडी सावलीत असताना चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, हा चरा तुमच्या गाडीचा आहे की दुसऱ्याचा? हसू नका. पार्किंगमध्ये खांबाला, भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीच्या बंपरला घासलेल्या गाडीवर बऱ्याचदा दिसते ती समोरच्याच्या रंगाची रेघ असते. तुमच्या लाल गाडीवरचा पिवळा पट्टा म्हणजे पार्किंगच्या खांबाचा रंग. तिथे तुमच्या गाडीवर रंग चढलेला असतो, आणि तो काढणं सगळ्यात सोपं. वीतभर भयंकर दिसणारा पट्टा निघून गेल्यावर खाली दोन-तीन बारीक रेघाच उरल्या, असं अनेकदा होतं.

दुसरी गोष्ट, पाणी. चऱ्यावर पाण्याचा फवारा मारा. थुंकीचा प्रयोग, पण जरा शिस्तीत. ओला असताना चरा पूर्ण दिसेनासा होत असेल, तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. असं का, हे बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. चरा आपल्याला दिसतो तो त्याच्या कडांवरून प्रकाश वेडावाकडा परावर्तित होतो म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि क्लिअर कोटचा साधारण १.५. हवेपेक्षा पाणी क्लिअर कोटच्या बरंच जवळचं. खाचेत पाणी भरलं की प्रकाशाला ती खाच जवळपास जाणवत नाही. पाणी वाळलं की खाचेत पुन्हा हवा आणि चरा पुन्हा समोर.

तिसरी गोष्ट, नख. चऱ्याला आडवं, अगदी हलक्या हाताने नख फिरवा. नख सरळ घसरून गेलं तर चरा उथळ आहे. नख अडलं तर तो खोल आहे आणि तो पूर्ण घालवायचा म्हटला तर परवडणार नाही इतका क्लिअर कोट झिजवावा लागेल. ही चाचणी ठोकळ आहे, मोजमाप नाही. पण घरच्या घरी यापेक्षा भरवशाचं दुसरं काही नाही.

चौथी गोष्ट, चऱ्याच्या तळाचा रंग. गाडी निळी आणि चऱ्याच्या तळाशीही निळंच दिसतंय, तर बेस कोट शाबूत आहे. पांढरं किंवा राखाडी दिसत असेल आणि पाण्यानेही जात नसेल, तर तो प्रायमर. चकचकीत पत्रा किंवा तपकिरी छटा दिसत असेल, तर चरा पार तळापर्यंत गेला आहे. बंपरवर मात्र काळं किंवा करडं दिसलं तर घाबरू नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही.

निकाल चार प्रकारचे

या तपासणीतून चारपैकी एक उत्तर निघतं : घासा, भरा, द्या किंवा सोडा.

पाण्यात दिसेनासा होतो आणि नख अडत नाही, असा चरा बिनधास्त घासा. दाराच्या मुठीमागे नखांनी आणि अंगठ्यांनी पडलेल्या रेघा, दप्तराच्या चेनने आलेलं खरचटणं, दुसऱ्याच्या रंगाचा पट्टा, हे सगळं यात येतं. काही शे रुपयांचं सामान, तासभर वेळ आणि घाई न करण्याची तयारी, एवढं भांडवल पुरतं.

नख अडतं, तळाशी प्रायमर किंवा पत्रा दिसतो, पण चरा अरुंद आहे आणि पत्रा चेपलेला नाही, असा चरा भरा. म्हणजे टचअप. इथे घासून काहीच मिळणार नाही, कारण जो रंग तिथे नाहीच तो घासून कुठून येणार? पत्रा उघडा पडलेला असेल तर हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज धरतोच, आणि तो रंगाखालून पसरत रंग वर उचलतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी हे आणखी लवकर होतं, आणि पावसाळ्यात तर कुठेही. सुंदर दिसण्याचं नंतर बघू, आधी पत्रा झाका.

पत्रा चेपला आहे, रंगाचे टवके उडालेत, चरा रुंद आहे किंवा दोन पॅनेलवर गेला आहे, तर गाडी जाणकाराकडे द्या. हे घरच्या घरी करायच्या भानगडीत पडू नका. डेंट काढणं, लांबी भरणं, रंग जुळवणं ही शिकून येणारी कामं आहेत. मेटॅलिक रंग तर कोड तोच असला तरी फवारण्याच्या पद्धतीनुसार वेगळा दिसतो. म्हणून चांगला पेंटर शेजारच्या पॅनेलवरही रंग थोडा मिसळत नेतो.

आणि चौथं उत्तर कोणालाच आवडत नाही : सोडून द्या. नख किंचित अडतं, पण तळाशी गाडीचाच रंग आहे. गंजाची भीती नाही. चार फुटांवरून दिसतही नाही. अशा चऱ्याच्या कडा एकदा हलक्या पॉलिशने मऊ करा, तो निम्म्याने फिका होईल. उरलेला निम्मा तसाच राहू द्या. तो पूर्ण घालवण्याच्या नादात आपण निरोगी क्लिअर कोट खरवडत बसतो. अति तिथे माती म्हणतात, ती ही.

घासायचं ठरलंच असेल तर...

काम सावलीत करा. पत्र्याला हात लावल्यावर तो गार लागला पाहिजे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर पॉलिश लगेच वाळतं आणि त्याचे डाग बसतात. आजूबाजूला काळं प्लॅस्टिक किंवा रबर असेल तर त्यावर मास्किंग टेप चिकटवा, कारण त्यात शिरलेलं पांढरं कंपाउंड नंतर निघता निघत नाही. पॅनेलच्या कडा आणि बॉडीवरच्या उभ्या घड्या टेपखाली झाका. अशा धारेवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि घासताना सगळा दाब नेमका तिथेच पडतो.

दुकानात साधारण दोन गोष्टी मिळतात. रबिंग कंपाउंड जाडं, पॉलिश बारीक. दुकानदार कंपाउंड हातात देईल, पण सुरुवात बारीक पॉलिशने करा. कमी ताकदीचं औषध आधी, हा डॉक्टरांचा नियम इथेही चालतो. वाटाण्याएवढं पॉलिश फोमच्या पॅडवर किंवा घडी घातलेल्या मायक्रोफायबर कापडावर घ्या. कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून बघा. मग चऱ्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं एवढ्याच भागात, मध्यम दाबाने, आडवे आणि उभे हात फिरवा. वीस-पंचवीस हात झाले की पुसा आणि मोबाइलच्या टॉर्चने तिरका प्रकाश टाकून बघा. फरक पडतोय? आणखी एक फेरी. फरक नाही? मग थोडं कंपाउंड, आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश, कारण कंपाउंड स्वतःच्या बारीक रेघा मागे सोडतं. दोन-तीन फेऱ्यांनंतरही चरा हलत नसेल तर तो तुमच्या यादीतला नाही. पुढे जाऊ नका.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. कापडावर गाडीचा रंग उतरायला लागला तर त्या क्षणी थांबा. खूप जुन्या गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असायची, तिथे कापड रंगणं साहजिक आहे. पण आजच्या क्लिअर कोटवाल्या गाडीचा रंग कापडावर आला, याचा अर्थ तुम्ही क्लिअर कोट पार करून आत शिरलात.

काम झाल्यावर लगेच फोटो काढून मित्रांना पाठवू नका. पॉलिशमधलं तेल खाचेत बसतं आणि चरा गेल्यासारखा वाटतो. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून पातळ करा, कापडावर घेऊन तो भाग पुसा आणि मग बघा. जे दिसेल ते खरं. शेवटी त्यावर वॅक्सचा हात मारा.

दोन गोष्टींना पहिल्या प्रयोगात हात लावू नका. एक, पॉलिश पेपर. २००० नंबरचा पेपरही नवख्या हातात पटकन खोल जातो. दुसरी, ड्रिल मशीनला लावायचं बफिंग पॅड. ते एकाच जागी गरागरा फिरतं, पत्रा तापतो आणि काही सेकंदांत रंग जळू शकतो. व्हिडिओत तो माणूस सहज करतो, कारण त्याने आधी भंगारातल्या कितीतरी दारांवर हात साफ केलेला असतो.

आणि ती टूथपेस्ट? तिच्यातही दात घासायला बारीक कण असतातच, त्यामुळे अगदी वरवरची रेघ फिकी होऊ शकते. पण ते कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नाहीत. खोल चऱ्यावर टूथपेस्ट चढवलीत तर खाचेत पांढरा थर बसतो, चरा लपल्यासारखा वाटतो आणि पहिल्या पावसात सगळं उघडं पडतं. तेलाच्या स्प्रेचंही तेच. तो चऱ्यात शिरतो, थुंकीचंच काम करतो, फक्त जरा जास्त वेळ.

भरायचं असेल तर रंगाचा कोड शोधा

टचअपसाठी ‘पांढरा द्या’ म्हणून चालत नाही. पांढऱ्याच्याही कितीतरी छटा असतात. गाडीच्या रंगाचा कोड बऱ्याचदा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. तिथे सापडला नाही तर गाडीचा नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा. त्या कोडचं टचअप पेन किंवा छोटी बाटली घ्या. चरा अल्कोहोलने पुसून कोरडा करा, गंजाचा कण असेल तर तो आधी काढा. मग बाटलीच्या जाड ब्रशऐवजी टूथपिकच्या टोकाने किंवा चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशने रंग फक्त खाचेत सोडा. एकदम भरू नका. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर. शेवटी क्लिअर कोटचा थर.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. जवळून बघणाऱ्याला टचअप कळतोच. पण चार पावलांवरून दिसत नाही आणि पत्र्याला गंज लागत नाही, एवढं झालं तरी काम फत्ते.

बाइकवाल्यांनो, मॅटपासून लांब!

तुमच्याकडे कार नसेल, टू-व्हीलर असेल, तरी वरचं बहुतेक सगळं लागू आहे. फरक एकच, पण मोठा. आजकाल मॅट रंगाच्या बाइक आणि स्कूटर बऱ्याच दिसतात. मॅट रंगावर पॉलिश अजिबात चालत नाही. मॅट दिसतो तो पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो म्हणून. तो घासला की गुळगुळीत होतो आणि टाकीच्या मधोमध एक चकचकीत डाग तयार होतो. तो डाग पुन्हा मॅट करता येत नाही. तसंच गाडीवर सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल, तर घासलेल्या जागेवरचं कोटिंग निघून जाईल हे धरून चाला. घरी आधी विचारा, त्यासाठी बरेच पैसे मोजलेले असू शकतात.

इन्शुरन्स आहे ना? जरा हिशेब करू

‘क्लेम टाकून देऊ’ हे वाक्य पार्किंगमध्ये फार सहज ऐकू येतं. त्याआधी पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या चऱ्यासाठी एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तरी १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारसाठी पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या कारसाठी २,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात.

खरी गंमत नो क्लेम बोनसची आहे. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षागणिक पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’ भागावर सवलत वाढत जाते : २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की साधारणपणे ती शून्यावर येते. समजा, बाबांची सवलत ५० टक्क्यांवर आहे आणि सवलतीआधीचा ओन डॅमेज प्रीमियम ८,००० रुपये आहे. तो तेवढाच राहतो असं धरू. क्लेमनंतर पहिल्या नूतनीकरणात सवलत शून्य, म्हणजे ४,००० रुपयांचं नुकसान. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे २,४०० रुपये. मग २,०००, मग १,२००, मग ४००. बेरीज १०,००० रुपये! एका चऱ्यासाठी पाच वर्षांत एवढं गेलं. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणूनच पॉलिसी वाचायची. मोठ्या अपघातासाठी क्लेम जरूर करा, विमा त्यासाठीच असतो. एका दाराच्या रंगासाठी मात्र आधी गॅरेजचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा.

गॅरेजमध्ये गेलात तर पहिला प्रश्न असा विचारा : ‘रबिंगने निघेल का, की रंगच मारावा लागेल?’ शक्य असेल तर रंग टाळा. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक, सीट सगळं असल्याने गॅरेजच्या बूथमध्ये तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, त्यामुळे तिथे वेगळ्या प्रकारचा रंग वापरतात. तो चांगला असू शकतो, पण मूळचा तो नसतो. पुढे गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्याला लावतं आणि कोणतं दार पुन्हा रंगवलंय हे त्याला लगेच कळतं. आणखी एक, दर सर्व्हिसिंगला कोणी ‘पूर्ण गाडीला रबिंग-पॉलिश करून देतो’ म्हणालं, तर गरज नसताना हो म्हणू नका. ती एफडी आठवा.

गाडी कोणाची?

इतका वेळ आपण चऱ्याबद्दल बोललो. पण घासायचं की नाही, हे ठरवताना आणखी एक प्रश्न असतो आणि तो चऱ्याच्या खोलीपेक्षा मोठा आहे. गाडी तुमची आहे का?

मित्राची गाडी मागून आणली असेल, तर तिला पॉलिशचं बोटही लावू नका. फोटो काढा, त्याला फोन करा, तो सांगेल तसं करा. ट्रिपसाठी भाड्याने घेतलेली गाडी असेल तर तेच, आणि त्याहून काटेकोरपणे. ताब्यात घेतानाच चारही बाजूंचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर आधीच्या कोणाचा तरी चरा तुमच्या नावावर जमा होईल. भाड्याच्या गाडीवरचा चरा गुपचूप घासायला गेलात आणि डाग पडला, तर आधी फक्त चऱ्याचा प्रश्न होता, आता लपवालपवीचाही झाला. आगीतून फुफाट्यात! आणि तुमच्यामुळे सोसायटीतल्या शेजाऱ्याच्या गाडीला लागलं असेल, तर वायपरखाली नाव आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी ठेवा. आपल्या गाडीजवळ अशी चिठ्ठी सापडलेला माणूस सहसा भांडत नाही. न सापडलेला मात्र सीसीटीव्ही बघतो.

घरच्या गाडीचंही फार वेगळं नाही. बाबांना सांगायचं टाळण्यासाठी रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात घासत बसणं, ही कोणत्याही रंगासाठी सगळ्यात वाईट परिस्थिती असते : अंधार, धूळ, घाई आणि भीती. चरा दुसऱ्या दिवशीही तेवढाच राहतो. उघडा पत्रा नसेल तर आठवड्यानेही तेवढाच राहतो. सांगितल्यावर फार तर दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागेल. न सांगता घासलंत आणि बिघडलं, तर पुढे कितीतरी महिने गाडीची चावी दिसणार नाही. ‘आई, बाबा, दाराला चरा आलाय, नख अडत नाहीये, रविवारी सकाळी पॉलिश करून बघतो’ असं सांगणाऱ्या मुलाला किंवा मुलीला चावी परत मिळायची शक्यता जास्त. त्यात त्यांना जबाबदारी दिसते, शिवाय थोडं ज्ञानही.

रविवारी गाडीकडे जाल तेव्हा आणखी एक गोष्ट बघा. उन्हात उभं राहून बॉनेटकडे तिरकं पाहिलंत तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल बारीक रेघा दिसतील. त्या कुठल्या अपघाताच्या नाहीत. रोज सकाळी कोरड्या धुळीवरून फिरणाऱ्या फडक्याच्या आहेत. सोसायटीत दहा-पंधरा गाड्या एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात पुसल्या जातात. त्यात पुसणाऱ्या दादांचा काय दोष? त्यांना वेळ तेवढाच आणि पाणीही तेवढंच मिळतं. त्यांना दोन मायक्रोफायबर कापडं आणून द्या, ‘आधी पाणी, मग फडकं’ एवढंच सांगा, आणि पाणी नसेल त्या दिवशी गाडी न पुसलेलीच बरी, हेही सांगा. धुळीने गाडी मळकट दिसते, पण नुसती बसलेली धूळ चरे पाडत नाही. ते पडतात ती कोरडी पुसल्यावर.